गाठ खालच्या अंगाला

मुलगी पडली तेव्हा आई आणि आजी, दोघींपासूनचं तिचं अंतर अगदी सारखं होतं. तेवढं आईला नजरेनं मापता येतं, तिचं कामच ते. इमारतीच्या मागच्या फरशीवर संध्याकाळचं ऊन कलंडलेलं, ती नुकतीच कामावरून आलेली, खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवलेली नाही, सासूबाई पलीकडे कठड्याला टेकून उभ्या, आणि मधोमध दीड वर्षाची ठकू, डुलत डुलत, स्वतःच्याच चालण्यावर खूश. पाय अडखळला, गुडघे फरशीवर आपटले, आणि मूल रडायचं की नाही हे ठरवत असतं त्या एका क्षणात तिनं खाली बसून दोन्ही हात पसरले. "ये, ये माझं बाळ ते." ठकू उठली. तिच्याकडे पाहिलं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःची समजूत घालत राहिली की पाहिलंच नसेल. पण पाहिलं होतं, नीट ओळखून, खालचा ओठ काढून. आणि मग भोकाड पसरत वळली, आणि तिच्याकडे पाठ करून आजीकडे धावत सुटली. सासूबाईंनी तिला उचललं, पदरानं गुडघे पुसले, फरशीला दोन चापट्या मारल्या. ठकू त्यांच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. पसरलेल्या हातांचं आता काय करायचं ते तिला सुचेना. एका हातानं तिनं ठकूची निसटलेली चप्पल उचलली, म्हणजे जणू हात चपलेसाठीच पुढे केले होते. "अगं, सवय झालीय तिला माझी," सासूबाई हसत म्हणाल्या, "दिवसभर हेच तर तोंड बघते ना बिचारी." त्यांच्या बोलण्यात काडीचाही डाव नव्हता. डाव असता तर बरं झालं असतं. डावाला उत्तर देता येतं. जिना चढताना सासूबाईंच्या खांद्यावरून ठकू तिच्याकडे बघत होती, शेजारच्या बाईकडे बघावं तशी, कुतूहलानं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सगळं आपापल्या जागी होतं, आणि याचाच तिला राग आला. पत्र्याच्या उंच छपराखाली ते लांबलचक लोखंडी बाक, त्यावर दोन आधारांवर आडवी टाकलेली तुळई, आणि वरून जॅक, खाली दाबणारा, वर उठणारा, पुन्हा दाबणारा. रेल्वेच्या छोट्या पुलांना अजूनही लाकडी तुळया लागतात. आडमार्गावरचे पूल, ओढ्या-नाल्यांवरचे, जिथून दिवसाला दोन-चार गाड्या जातात. पूर्वी तिथे निवडक लाकूड वापरत, सरळ धाग्याचं, बिनगाठीचं. ते आता मिळत नाही. मिळतं ते दुय्यम प्रतीचं, गाठी असलेलं, धागा तिरका गेलेलं, टोकाला चिरलेलं. एकदा एक मोठा भार असल्या लाकडावर टाकला तर ते किती पेलेल हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गाडी एकदाच जात नाही. चाकामागून चाक येतं, गाडीमागून गाडी येते, वर्षानुवर्षं. भार लहान आहे, मोडण्याच्या जवळपासही नेणारा नाही, फक्त तो थांबत नाही. असल्या भारानं लाकूड कधी थकतं? एवढाच प्रश्न. त्यासाठी एका ओंडक्यातून दोन तुळया काढायच्या, शेजारशेजारच्या, जुळ्या म्हणाव्या अशा. पहिलीवर हळूहळू भार वाढवत न्यायचा आणि तिला सरळ मोडायची. म्हणजे दुसरीत किती ताकद असेल त्याचा अंदाज येतो. मग दुसरीवर त्याच्या निम्म्याहूनही कमी भार घालायचा, काढायचा, घालायचा, काढायचा. आणि समोर बसून बघत राहायचं. बघत राहणं हे तिचं काम होतं. मोठे सर नेमणुकीच्या दिवशी म्हणाले होते, "चांगला माल संपला. आता उरलंय ते तुमच्या-आमच्यासारखं. त्याच्याकडून किती काम काढून घेता येईल तेवढं शोधून सांगा, बाई." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसले होते.

ती दुष्ट नव्हती. हे तिनं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्या वाक्याची धार गेली होती. लग्नाआधी मैत्रिणींत ती हळवी म्हणून प्रसिद्ध, पंख्यात सापडलेलं पाखरू बघून जेवण न जाणारी. ठकू झाल्यावर तर तिचा जीव सदा टांगणीला. बाळाला ताप आला की ती रात्रभर जागी, बाळाला ताप नसला की आता येईल म्हणून जागी. कामावर परतायची वेळ आली तेव्हा सासूबाई आपण होऊन धाकट्या मुलाकडचं बिऱ्हाड सोडून इकडे आल्या. "तू जा बाई खुशाल, शिकलीस ती काय घरी बसायला?" असं म्हणणारी सासू लाखात एक, असं तिची आई म्हणाली, मावशी म्हणाली, ऑफिसातल्या बायका म्हणाल्या. तीही म्हणे. आणि खरंच होतं ते. म्हणून तर त्या फरशीवरच्या संध्याकाळनंतर तिनं जे काही बोलायला सुरुवात केली ते इतकं बारीक होतं की बोलणंही म्हणता येऊ नये. "आई, दूध जरा जास्तच गरम झालंय का?" "आई, तिला इतकं गुंडाळायचं नसतं हो आता, डॉक्टर नाही म्हणतात." "आई, हे खेळणं धुतलं होतं ना?" आवाज मऊ, चेहऱ्यावर हसू. आणि सासूबाई? सासूबाईंच्या अंगाला काही लागतच नव्हतं. "गरम कुठलं, बोट घालून बघ," म्हणायच्या. "तुझा नवरा मातीत लोळून वाढला, मेला का तो? समोर बसून खातोय बघ पोटभर." नवरा ताटातून मान वर करून म्हणायचा, "मला कशाला मध्ये घेता?" आणि तिघं हसायची. ठकू आजीच्या मांडीवर बसून टाळ्या पिटायची. आठवडे गेले. काही हललं नाही.

मग प्रयोगशाळेत ती भानगड झाली. एक तुळई बाकावर चढवलेली, दुय्यमातलीही दुय्यम, एका अंगाला मुठीएवढी काळी गाठ, मोठ्या सरांनी सुद्धा नाक मुरडलेलं. सगळ्यांचा हिशेब की ही काही आठवडा काढत नाही. पण ती मोडेचना. जॅक दाबतोय, तुळई वाकतेय, सरळ होतेय, चीर नाही, आवाज नाही. फिटर रोज सकाळी येऊन तुळईपुढे हात जोडायचा, "आजी, आज तरी?" मोठे सर कागद काढून बसले, दुय्यम लाकडाला आपण उगाच नावं ठेवतो की काय, अशा विचाराला आले. आणि एका दुपारी, डबा खाताना, नुसती समोर बघता बघता तिच्या लक्षात आलं. गाठ वर होती. वरून भार आला की तुळईचं वरचं अंग दाबलं जातं आणि खालचं ओढलं जातं. दाबल्या जाणाऱ्या गाठीचं फारसं काही बिघडत नाही, उलट ती आणखी घट्ट बसते. ओढली जाते ती गाठ सुटू बघते. म्हणून इथला साधा नियम, सगळ्यात वाईट बाजू खाली. तुळई चढवताना फिटरनं ती साखळीवर फिरवली होती आणि तशीच ठेवून दिली होती. "अरे," ती म्हणाली, "उलटी आहे ही." फिटरनं जीभ चावली. सर एवढंच म्हणाले, "काढा, पालथी करा, पुन्हा पहिल्यापासून." इतक्या दिवसांची मेहनत फुकट गेली म्हणून कोणी फारसं बोललं नाही. साखळी खडखडली, तुळई उचलली गेली, हवेत सावकाश फिरली, आणि ती काळी गाठ खालच्या अंगाला गेली. ते फिरणं बघताना तिला सासूबाईंबद्दल पूर्वी ऐकलेलं काहीतरी आठवलं.

ते तिला नवऱ्यानं सांगितलं होतं, ठकू पोटात असताना, डॉक्टरकडे नंबर लावून बाकावर बसलेले असताना, जुनं घर विकल्याची हकीकत सांगावी तशा आवाजात. त्याच्या आधी त्याच्या आईला एक मुलगी झाली होती म्हणे. चार-पाच महिन्यांची. पाळण्यात झोपली ती उठलीच नाही. आई शेजारीच बसून सदऱ्यांना बटणं लावत होती, तेव्हा शिवणकाम घरी आणायची ती. मूल आज छान झोपलंय, हातातलं सगळं उरकून घेऊ, असं म्हणून सगळी बटणं लावून झाल्यावर तिनं पाळण्यात हात घातला. "आई कधी बोलत नाही त्याबद्दल," नवरा म्हणाला, "तूही काढू नकोस. पण काही नाही ग, केव्हाच सावरली ती. खंबीर आहे." खंबीर होत्याच. तो एकदाच आलेला मोठा भार त्यांनी पेलला होता, त्यानंतर दोन मुलगे वाढवले होते, नवरा पोहोचवला होता, आणि अजून फरशीला चापट्या मारून हसत होत्या. त्या बाकावर बसून तिनं पोटावर हात ठेवला होता आणि तिला सासूबाईंची खरोखर कीव आली होती. ती कीव कुठे गेली? गेली नव्हती; हातचं राखून ठेवल्यासारखी ती होती तिथेच होती.

पहिल्यांदा तिनं ते विचारलं तेव्हा खरोखरच काळजीनं विचारलं. निदान तिला तरी तसंच आठवतं. आल्या आल्या, चपला काढताना. "झोपलीय का?" "मघाशीच. आज अगदी गाढ झोपलीय," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. आणि ती सहज म्हणाली, "श्वास बघितलात ना?" सासूबाईंच्या हातात धुतलेली वाटी होती. ती त्यांनी कट्ट्यावर ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. "बघितला," म्हणाल्या. बघितला नव्हता. दोघी एकदमच आतल्या खोलीकडे वळल्या आणि दारात एकमेकींना अडल्या. ठकू पालथी झोपली होती, पाठ हलत होती. बस, एवढंच. एवढ्यात कोण मोडतं? कुठल्याही आईनं विचारावं असा तो प्रश्न. दुसऱ्या दिवशी तिनं कामावरून फोन केला, "आई, झोपली का? एकदा नाकाशी बोट धरून बघा ना, मला आपलं उगाच..." आणि पलीकडे पावलांचा आवाज ऐकत राहिली, जाताना भरभर, येताना सावकाश. "आहे, आहे," सासूबाई म्हणाल्या. काय आहे ते दोघींनाही माहीत होतं. मग रोज एकदा. मग दोनदा. कधी नुसतं जाता जाता, "गाढ झोपली की भीतीच वाटते, नाही?" कधी वर्तमानपत्र वाचता वाचता, "काहीच कारण नसतं म्हणे, आई, नुसती झोपेत जातात मुलं." नवरा म्हणाला, "तू अति करतेस हं. आता दीड वर्ष उलटून गेलं तिला." "आईचं काळीज तुला कळायचं नाही," ती म्हणाली, आणि सासूबाईंनी मान हलवली, "बरोबर आहे तिचं. तू गप्प बस रे." भार कधी वाढवायचा नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. वाढवला की समोरचा सावध होतो, भांडतो, रडतो, मन मोकळं करतो. तिचा आवाज रोज तेवढाच मऊ असायचा.

आणि रविवारी ती काहीच विचारत नसे. रविवारी प्रयोगशाळा बंद, जॅक वर उचलून ठेवलेला. विश्रांती मिळाली की लाकूड बरं होतं का, असा एकदा वाद झाला होता तिथे. सोमवारी चीर मिटलेली दिसते, नखही जात नाही आत. पण पहिल्या दाबाबरोबर ती त्याच जागी उघडते, केसभर पुढे सरकून. रविवारी ती सासूबाईंचे केस विंचरून द्यायची. ते पांढरे, विरळ केस हातात घेताना तिला माया यायची, खरी माया, डोळे भरून यावेत इतकी. "तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं," सासूबाई डोळे मिटून म्हणायच्या. ती बोटांनी गुंता सोडवत राहायची आणि खाली वाकून बघायची, मानेवर किती बारीक सुरकुत्या वाढल्यात. बघत राहायची तिला सवयच होती.

आता सासूबाई शिवण, वाचन, शेजारणीशी गप्पा, सगळं सोडून ठकूच्या उशाशी बसू लागल्या. पाठ हलताना दिसली नाही की बोट लावून बघायच्या. बोट लावलं की ठकू चाळवायची. ती चाळवली की त्यांना बरं वाटायचं. मग मुद्दामच चाळवायच्या. ठकूच्या डोळ्यांखाली सावल्या आल्या. ती किरकिरी झाली, आजी जवळ आली की मान फिरवायला लागली, आणि संध्याकाळी ती कामावरून आली की एखाद्या वेळी दोन पावलं तिच्याकडे टाकायची. दोनच, मग थांबायची. त्या दोन पावलांवर तिचे दोन दिवस निघायचे. पोरीची झोप मोडतेय हे तिला दिसत नव्हतं असं नाही. मोठे सर एकदा म्हणाले होते की तुळईबरोबर खालचा आधारही थोडा झिजतोच, तेवढं धरून चालावं लागतं. तिनं तेवढं धरून चालायचं ठरवलं, आणि रोज पोरीला दुधात थोडी जास्त साखर घालू लागली. "आई, तुम्ही दमताय हो," ती म्हणायची. "दमत नाही ग," सासूबाई म्हणायच्या, "फक्त डोळा लागत नाही. डोळा लागला की वाटतं, लागला कसा." हे म्हणताना त्या तिच्याकडे पाहत नसत, आपल्या हातांकडे पाहत. फिटर त्याच सुमाराला एकदा म्हणाला, "मॅडम, ती पालथी केलेली कुरकुरायला लागलीय. कान देऊन ऐका." तिनं कान दिला. ओलसर, बारीक आवाज होता, आत कुठेतरी धागा धाग्यापासून सुटताना येतो तसा. ती घरी जाऊन बराच वेळ आंघोळ करत राहिली.

शेजारणीचा फोन आला तेव्हा भर दुपार होती. "ताबडतोब या," एवढंच ती म्हणाली, आणि मागून ओरडणं ऐकू येत होतं, पण कोणाचं ते कळेना. रस्ताभर ती रिक्षात पुढे वाकून बसली होती, जणू त्यानं रिक्षा भरभर जाईल. गेली, तिनं मनात म्हटलं. ठकू गेली. मी विचारून विचारून घालवली. आणि त्या धावत्या रिक्षात, त्या भीतीच्या अगदी तळाशी, एक थंडगार आवाज म्हणत होता, त्यांच्या हातात गेली, माझ्या नाही. तो आवाज आपलाच होता हे तिला स्पष्ट कळलं. कळून काही झालं नाही.

ठकू शेजारणीच्या कडेवर जिन्यात होती, लालबुंद, घामेजलेली, धडधडीत जिवंत. "किती वेळ हलवत होत्या हो पोरीला," शेजारीण दबक्या आवाजात म्हणाली. "उठ, उठ, म्हणत होत्या. पोर उठून बसली होती, रडत होती, तरी उठ म्हणतायत. दार उघडं होतं म्हणून बरं. मी ओढून घेतली शेवटी." ठकूनं तिला पाहिलं आणि दोन्ही हात टाकले, सगळं अंग पुढे झोकून. तिच्या मानेत तोंड खुपसलं, मुठीत तिचा सदरा धरला, आणि एक लांब हुंदका देऊन, तिथेच, जिन्यातच, झोपून गेली. इतके महिने ती ज्याची वाट पाहत होती ते असं होतं तर. गरम, जड, थोडं आंबूस वासाचं. तिनं डोळे मिटून घेतले. आपल्याला सुख होतंय, हे ती हळूच, कोणाला न कळेल असं, तपासून पाहत होती. होत होतं.

आत सासूबाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, केस सुटलेले, हात मांडीवर उताणे. नवराही तेवढ्यात धापा टाकत आला. त्यानं पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. "मला धाकट्याकडे पोचव," त्या त्याला म्हणाल्या. "मला पोरीजवळ एकटीला ठेवू नका रे." "आई, काहीतरीच काय? जरा थकली आहेस, चार दिवस आराम केलास की..." तो म्हणाला आणि मदतीसाठी बायकोकडे बघू लागला. तिनं ठकूचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं. ठकूचा श्वास तिच्या गळ्याशी लागत होता, एकामागून एक, नीट. तो फोन करायला बाहेर गेला. तेव्हा सासूबाईंनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग असेल म्हणून ती तयार होती. राग नव्हता. त्यांनी हात पुढे करून तिचं मनगट धरलं, ठकूला धक्का लागणार नाही अशा बेतानं. "तुझं बरोबर होतं ग," त्या म्हणाल्या. "तू रोज विचारायचीस म्हणून तरी मी बघत होते. मला तेव्हा कोणी विचारणारं नव्हतं. तुझ्यासारखं कोणी असतं ना, एकदा जरी विचारलं असतं, तर माझी पोर..." त्या तशाच तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

तुमचा काही दोष नव्हता, आई. शेजारी बसून कोणी बघत राहिलं असतं तरी ती गेलीच असती. हे वाक्य तिच्याकडे होतं. ठकू पोटात असताना तिनं पुस्तकं वाचली होती, डॉक्टरला खोदून खोदून विचारलं होतं, आणि ते खरं होतं, अगदी शब्दन् शब्द. पहिल्या दिवसापासून तिच्याकडे होतं. आता ते तोंडाशी आलं, इतकं की जिभेला त्याची चव लागली. ते बोललं तर सासूबाई रडतील, पोटभर रडतील, मग तोंड धुतील, केस बांधतील. मग कदाचित म्हणतील, राहते आणखी चार दिवस. कडेवर ठकू झोपेतच किंचित हलली आणि तिच्या गळ्याला आणखी घट्ट बिलगली.

तिनं आपलं मनगट हळूच सोडवून घेतलं.

"तुमची बॅग मी भरते, आई," ती म्हणाली. "औषधं वरच्या कप्प्यात ठेवते, शोधावी लागायला नकोत."